काळ्या कातळावरचे फोटो: आधी तुमचा रोप, मग तुमचा फ्लॅश

प्रश्न थोडक्यात असा आहे की विचारणारा लग्नाचे फोटो काढतो, ट्रेकिंगची सवय आहे, झुमारिंग (रोप पकडणारं साधन सरकवत रोपवरून वर चढणं) तीन-चारदा केलंय, हाताशी दोन फ्लॅश आणि एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आहे, जानेवारीत मित्रांची टीम तैलबैल्याची भिंत चढणारे, तर लाइट कुठे टांगू आणि मी स्वतः कुठे लटकू. मी गेली वीसेक वर्षं सह्याद्रीत क्लाइंबिंग करतोय, त्यातली बारा-तेरा वर्षं कॅमेरा अडकवून, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे प्रश्नाचा क्रम उलटा करा. तुम्ही कुठे लटकणार हे आधी, लाइट नंतर. क्लाइंबिंगचा फोटो शटर दाबताना नाही तर रोप लावताना ठरतो, कारण एकदा का तुम्ही रोपवर बसलात की तुम्हाला फक्त वर आणि खाली जाता येतं, डावीकडे-उजवीकडे सरकायचं म्हटलं की मारामारी. लग्नात कसं, अँगल नाही जमला तर दोन पावलं मागे जाता, मामाला बाजूला व्हायला सांगता. इथे मागे पाऊल टाकायला जागाच नाही आणि मामाही नाही.

खालून फोटो काढणाऱ्यांची गत सगळ्यांना माहितीय, क्लाइंबरचं बूड, बुटांचे तळवे आणि वर पांढरं फटक आकाश. तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत, खालची दरी दिसत नाही म्हणजे उंची पण दिसत नाही. चांगली जागा म्हणजे क्लाइंबरच्या तीन-चार मीटर वर आणि दोन-अडीच मीटर बाजूला. तिथून चेहरा दिसतो, होल्डवरची बोटं दिसतात, खाली जाणारा रोप दिसतो आणि त्याच्याही खाली झाडं एवढीएवढीशी दिसतात. अगदी डोक्यावर लटकू नका, तुमच्या बुटाखालून सुटलेला खडा सरळ त्याच्या तोंडावर जातो, आणि तो पडला किंवा पेंड्युलम झाला, म्हणजे रोपवर आडवा झुलला, तर तुमचा नि त्याचा रोप एकमेकांत अडकायला नको. बाजू कुठली निवडायची तर ज्या बाजूला तो मुख्य मूव्हला तोंड करणारे ती. हे त्यालाच विचारा, खालून दुर्बिणीतून रूट बघताना विचारा, क्लाइंबरला आपला क्रक्स, म्हणजे रूटमधली सगळ्यात अवघड जागा, पाठ असतो.

आता तैलबैल्याची खास अडचण. कोकणकड्यासारख्या ठिकाणी माथ्यावर चालत जाता येतं, म्हणजे तुम्ही आदल्या दिवशी वरून रोप सोडून निवांत सेट होऊ शकता. तैलबैल्याच्या भिंती साधारण २००-२५० फुटांच्या, मध्ये खिंड, आणि माथ्यावर जायला चढूनच जायला लागतं. जीवधनजवळची वानरलिंगी घ्या, लिंगाणा घ्या, सगळ्या सुळक्यांचं तेच. म्हणजे पहिला लीड जो करणार, म्हणजे वरून रोप नसताना सगळ्यात पुढे चढणार, त्याचे वरून फोटो काढायला वर कोणीच नसतं, तुमचा रोप त्याच्याच पाठोपाठ वर जाणार. तेव्हा दोन मार्ग. एक तर लीडरने माथा गाठला की तुमचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) रोप वर ओढून फिक्स करायचा, तुम्ही झुमार करून जागा धरायची आणि सेकंड-थर्ड येणाऱ्यांचे फोटो काढायचे. नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच रूट लीडरने परत लीड करायचा आणि तेव्हा तुम्ही आधीच वर लटकलेले. मी दुसरा मार्ग घेतो, फोटो खरोखर चांगले येतात कारण लीडर पण निवांत असतो, पण मग फोटोखाली "पहिल्या चढाईचा क्षण" वगैरे लिहू नका राव, परत चढून काढलाय असं सरळ लिहा. क्लाइंबिंगवाल्यांना रोप कुठून आलाय ते फोटोत लगेच कळतं.

रोपबद्दल. तुम्हाला लटकायला स्टॅटिक रोप लागतो, साडेदहा-अकरा मिमीचा, ईएन १८९१ टाइप ए (अशा रोपचं युरोपीय मानक) लिहिलेला. टीमचा जुना डायनॅमिक रोप "घे रे तुला लटकायला" म्हणून कोणी दिला तर घेऊ नका. डायनॅमिक रोप ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो, त्यावर झुमार मारताना तुम्ही रबराला बांधल्यासारखे वरखाली होता आणि प्रत्येक हिसक्याला वरच्या कडेवर रोप करवतीसारखा घासतो. कॅमेऱ्याची फ्रेम तर कधीच स्थिर राहत नाही. आणि याच्या उलट, तुमचा स्टॅटिक कोणालाही लीड करायला देऊ नका, त्यावर फॉल घेतला तर झटका जिरवायला काहीच नाही, सगळा मार अँकरवर (रोप ज्या बोल्टना बांधलाय त्यांच्यावर) आणि पाठीच्या कण्यावर.

अँकर. इथे मी जरा रेंगाळतो कारण आपल्याकडे अपघात इथेच होतात. फोटोग्राफरचा अँकर टीमच्या बिले अँकरपासून (क्लाइंबरचा रोप सांभाळणारा बिलेअर ज्यावर असतो त्यापासून) वेगळा पाहिजे. जागा नसेल, दोनच बोल्ट असतील तर सरळ सांगायचं की आज वरून फोटो नाही. मला माहितीय की सांगायला जड जातं, चार तास चालत आलेलो असतो, पण बिलेअर ज्या बोल्टवर आहे त्यावर फोटोग्राफर, त्याची बॅग, फ्लॅश असा आणखी नव्वद किलोचा माणूस लटकवणं चूक आहे. सह्याद्रीतले बरेच जुने बोल्ट हाताने पंच मारून ठोकलेले, आठ-दहा पावसाळे खाल्लेले, वरून गंज दिसतो तेवढाच नसतो, आतही असतो. दिसायला बरा असला तरी एका जुन्या बोल्टवर कधीच नाही, किमान दोन, शंका असेल तर तीन, आणि ते एकाच भेगाळलेल्या ठोकळ्यात नकोत, हातोडीने आजूबाजूला ठोकून बघायचं, पोकळ ढबढब आवाज आला की ती जागा सोडायची. कणकण असा घट्ट आवाज पाहिजे.

दोन बोल्टमधून येणाऱ्या स्लिंगांचा (जोडपट्ट्यांचा) कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशाला प्रत्येक बोल्टवर तुमच्या वजनाच्या साधारण ५८ टक्के भार येतो, ९० ला ७१ टक्के, आणि १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्णच्या पूर्ण वजन, म्हणजे दोन बोल्ट लावून उपयोग काय झाला. बोल्ट लांब लांब असतील तर स्लिंग लांब घ्या, एवढंच. मी स्वतः दोन कानांची फिगर ऑफ एट (आठाची गाठ) मारतो, दोन्ही कान कमीजास्त करून भार सारखा करता येतो आणि एक बोल्ट निघाला तरी दुसरा धरतो.

माथ्याच्या कडेची गोष्ट वेगळीच. आपला दगड बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, काही थर पोलादासारखे घट्ट आणि मध्येच लाल मातकट पट्टा किंवा बुडबुड्यांनी भरलेला ठिसूळ दगड. माथ्यावर गवत, मुरूम, सुटे धोंडे. तुम्ही रोपवर लटकून एक मीटर बाजूला झुललात की वर तुमचा रोप कडेवरून खराट्यासारखा फिरतो आणि समोर येईल ते सगळं खाली लोटतो, खाली कोण, तर ज्याचा फोटो काढायला तुम्ही आलात तो. म्हणून रोप सोडायच्या आधी, खाली कोणी नसताना, खात्री करून, ओरडून, कड साफ करायची. मग रोप कडेवर टेकतो तिथे रोप प्रोटेक्टर, नसेल तर फायर ब्रिगेडच्या जुन्या होजपाइपचा हातभर तुकडा उभा चिरून, तोही सुतळीने बांधून, नाहीतर सरकून खाली जातो. आणि जमत असेल तर कडेच्या खाली मीटरभरावर अजून एक अँकर घेऊन रोप तिथे परत बांधायचा, रीबिले म्हणतात त्याला, म्हणजे रोप कडेला घासतच नाही आणि कितीही झुला, वरचे दगड जागचे हलत नाहीत.

रोपवर असताना दोन ठिकाणी जोडलेलं असायचं, नेहमी. वर जाताना हाताचा झुमार आणि छातीचा क्रोल (छातीवर बसणारा छोटा झुमार), दोन्ही हार्नेसला जोडलेले, आणि खाली दर तीन-चार मीटरवर रोपला आठाची गाठ मारून ती हार्नेसला क्लिप करत जायचं. दातांच्या झुमारवर झटका बसला तर चार-सहा किलोन्यूटनलाच (साधारण चारशे-सहाशे किलोच्या भाराला) तो रोपचं वरचं कव्हर फाडू शकतो, म्हणून झुमारच्या वर रोप ढिला ठेवून कधी बसायचं नाही, वजन कायम रोपवर. जागेवर पोहोचलात की ग्रीग्रीसारख्या आपोआप लॉक होणाऱ्या डिसेंडरवर (रोपवरून उतरायच्या साधनावर) या, खाली गाठ मारा, मग हात सोडा. रोपच्या टोकाला गाठ असणं हे सांगायला लागू नये पण सांगतो. तुम्ही झुमारिंग तीन-चारदाच केलंय म्हणता, तर पहिल्या दोन-तीन वेळा वरून एका मित्राने वेगळ्या डायनॅमिक रोपवर तुम्हाला बिले देत राहावं, यात लाज नाही. आणि हे सगळं वाचून शिकायचं नसतं, क्लबच्या सीनियर माणसाबरोबर घराजवळच्या पंचवीस फुटी दगडावर दोन रविवार घालवा, कॅमेरा न घेता.

लटकायचं म्हणजे किती वेळ, तर धरून चला दोन-अडीच तास. क्लाइंबर क्रक्सखाली अर्धा तास विचार करत बसतो. नुसत्या हार्नेसवर पाय न हलवता लटकलं की मांडीचे पट्टे रक्त अडवतात, आधी मुंग्या, मग चक्कर, बेशुद्ध झाला तर प्रकरण जिवावर जातं. मी झोपाळ्याच्या पाटासारखा एक छोटा प्लायवूडचा पाट केलाय, चार कोपऱ्यांना भोकं, त्यातून स्लिंग, वर मधल्या कॅराबिनरला (उघडझाप होणाऱ्या कडीला) अडकवलेला. त्यावर बसायचं, पण जीव हार्नेसलाच जोडलेला, पाटाला नाही. शिवाय पाय ठेवायला एक लूप, दर दहा मिनिटांनी त्यात उभं राहायचं. भिंतीपासून लांब राहायचं असेल तर दोन्ही पाय फाकवून भिंतीवर टेकवा, तिवईसारखं. बाजूला ओढून राहायचं असेल तर त्या बाजूच्या एखाद्या बोल्टला किंवा चॉकला (भेगेत अडकवायच्या धातूच्या तुकड्याला) पातळ कॉर्डने स्वतःला तिरकं बांधून ठेवा, ती कॉर्ड फक्त जागा धरायला, वजनाला नाही, आणि एका हाताने सुटेल अशी.

आता वस्तू पडणं. ५० मीटरवरून सुटलेली कॅमेऱ्याची बॅटरी खाली पोहोचते तेव्हा ताशी १०० किलोमीटरच्या घरात असते. लेन्स कॅप घरीच ठेवा. लेन्स बदलायची नाही, १६-३५ किंवा २४-७० एकच घ्या आणि त्यात जे मिळेल ते, दुसरी हवीच असेल तर दुसरा बॉडी. लेन्सहूड, बॅटरीचं झाकण, ट्रिगर, सगळ्यावर गॅफर टेप. कॅमेऱ्याचा पट्टा आणि शिवाय एक पाच मिमीची कॉर्ड हार्नेसला, कारण पट्ट्याची ती प्लॅस्टिकची बकल कधी दगा देईल सांगता येत नाही. फ्लॅशला पण तसंच. खाली कोणीही, अगदी चहा घेऊन आलेला गावातला पोरगा असला तरी, हेल्मेटशिवाय भिंतीच्या बुडाशी थांबायचं नाही.

बरं, आता लाइट.

काळा बेसॉल्ट लाइट पितो. स्टुडिओत, हॉलमध्ये पांढऱ्या भिंती, छत, फरशी यावरून तुमचा फ्लॅश उसळून सावल्या भरून काढतो, तुम्हाला कळतही नाही. कातळावर तसं काही येत नाही. एका बाजूने फ्लॅश मारला तर क्लाइंबरची दुसरी बाजू कोळशासारखी. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याचा मीटर काळा दगड बघून घाबरतो, त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो दगड राखाडी करायच्या नादात क्लाइंबरची त्वचा, पिवळा टी-शर्ट, खडूचे हात सगळं जाळून टाकतो. म्हणून मॅन्युअल. ऑटोमध्येच ठेवायचं असेल तर पाऊण-एक स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). दगड काळा आलेलाच चांगला दिसतो, त्याच्यात होल्डच्या कडा तेवढ्या चमकल्या पाहिजेत.

त्या कडा चमकवायला लाइट बाजूने किंवा वरून तिरका पाहिजे, कॅमेऱ्यावरून नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश कातळ सपाट करतो, खडबडीत भिंत एखाद्या डांबरी रस्त्यासारखी दिसते. तुमच्या दोन फ्लॅशपैकी एक मुख्य, क्लाइंबरच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे तुम्ही उजवीकडे असाल तर लाइट डावीकडे आणि थोडा वर. दुसरा तुमच्याजवळ, खूप कमी ताकदीवर, फक्त चेहऱ्यावरची सावली मोडायला. गेलन रॉवेल हा अमेरिकन क्लाइंबर आणि फोटोग्राफर उन्हातला फिल फ्लॅश (सावल्या भरणारा फ्लॅश) १.७ स्टॉप कमी ठेवायचा, मी काळ्या दगडावर एक ते दीडच्या मध्ये ठेवतो, दगड मदत करत नाही म्हणून थोडा जास्त.

आता अंतर, हे नीट वाचा कारण इथे लग्नाचा अनुभव फसवतो. नवरानवरी स्टेजवर बसलेले असतात, क्लाइंबर चढतोय. फ्लॅश त्याच्यापासून दोन मीटरवर टांगला आणि तो चढत चार मीटरवर गेला तर लाइट चौपट कमी, दोन स्टॉप, म्हणजे पहिला फोटो जळालेला आणि पाचवा काळा. तोच फ्लॅश आठ मीटरवर टांगला आणि तो दहावर गेला तर फरक जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप. म्हणजे लाइट लांब ठेवला की पूर्ण मूव्ह एकाच सेटिंगवर निघते आणि तुम्हाला लटकून बटणं दाबत बसायला नको. त्यासाठी ताकद पाहिजे, गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, मीटरमध्ये) ६० असलेला फ्लॅश आयएसओ १०० ला एफ ८ वर साडेसात मीटरपर्यंत पुरतो, तोही झूम केलेला असताना. आयएसओ ४०० केलं की अंतर दुप्पट. रिचार्ज व्हायला वेळ लागतो म्हणून फुल पॉवरवर वापरू नका, अर्ध्यावर ठेवा नि आयएसओ वाढवा, क्लाइंबर नेमका हात सोडतो तेव्हाच फ्लॅश झोपलेला असतो हे प्रत्येकाने एकदा भोगलेलं आहे.

सॉफ्टबॉक्स घरी ठेवा. वाईट वाटेल पण ठेवा. कड्यावर वाऱ्याला तो शिडासारखा आहे. कोकणकड्यावर तर खालून वर येणारा वारा इतका की टाकलेली टोपी परत येते, तिथे सॉफ्टबॉक्स टांगणं म्हणजे पतंग उडवणं. उघडा फ्लॅश, फार तर एक ग्रिड (फ्लॅशपुढची जाळी), म्हणजे लाइट रूटवरच पडेल आणि बाजूच्या दगडावर सांडणार नाही. संध्याकाळच्या उन्हाशी जुळवायचं असेल तर पिवळसर जिलेटिन पेपर, अर्ध्या ताकदीचा, टेपने घट्ट चिकटवून. पांढराशुभ्र फ्लॅश आणि मागे केशरी सह्याद्री, असा फोटो बघितला की मला रिसेप्शनच आठवतं.

टांगायचा कसा. लाइट स्टँडचा इथे काही उपयोग नाही. नुसत्या एका दोरीवर फ्लॅश सोडला तर तो गोल गोल फिरतो, भोवऱ्यासारखा, आणि नेमका दरीकडे तोंड करून थांबतो. त्याला किमान दोन, खरं तर तीन ठिकाणी बांधायचं, वरून वजन घेणारी पाच-सहा मिमीची कॉर्ड, आणि बाजूला खाली दोन बारीक तीन मिमीच्या, दगडाच्या भेगेत लहान चॉक बसवून ताणलेल्या. मी एका छोट्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर फ्लॅश क्लँपने बसवतो आणि पट्टीच्या दोन टोकांना कॉर्ड, तोंड जिकडे वळवलं तिकडे राहतं. याचा अँकर वेगळा, क्लाइंबरच्या प्रोटेक्शनला कधीही फ्लॅश अडकवायचा नाही, त्याचे बोल्ट त्याचे. सगळ्यात सोपा उपाय मात्र माणूस. बाजूला दुसऱ्या रोपवर एखादा अनुभवी दोस्त लटकवून त्याच्या हातात रंगाऱ्याचा लांब होणारा दांडा, टोकाला फ्लॅश. तो क्लाइंबरबरोबर फ्लॅश वर घेत जातो, अंतराचं गणितच उरत नाही. फक्त त्या दोस्ताला स्वतःला क्लाइंबिंग यायला पाहिजे, तुमचा लग्नातला असिस्टंट कितीही हुशार असला तरी त्याला तिथे लटकवू नका.

रेडिओ ट्रिगर बॉक्सवर १०० मीटर लिहिलेलं असतं, मध्ये दगडाचा एक नाक पुढे आलं की दहा मीटरवर पण चालत नाही. फ्लॅश तुम्हाला डोळ्यांनी दिसला पाहिजे, एवढंच लक्षात ठेवा. शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर गेलात की हाय स्पीड सिंकला (वेगवान शटरसाठी फ्लॅश एका झोताऐवजी तुकड्यातुकड्याने मारणं) जायला लागतं आणि त्यात फ्लॅशची ताकद धपकन पडते. क्लाइंबिंग बहुतेक वेळ संथ असतं, १/२५० पुरतं. उडी मारून होल्ड पकडायचा असेल तर मी फ्लॅशचा नाद सोडून उन्हावर १/१००० ला काढतो.

खरं सांगू का, अर्ध्या वेळा फ्लॅश काढायलाच लागत नाही. सूर्य फुकट आहे. भिंतीची एक बाजू सकाळी उन्हात असते तेव्हा दुसरी सावलीत, आदल्या दिवशी येऊन दर तासाला मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, सावली कुठल्या वेळी रूटवरून सरकते ते कळेल. ऊन भिंतीला घासून जातं ती वीस-पंचवीस मिनिटं सोन्याची. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळभर गार सावली, दुपारनंतर ऊन. क्लाइंबरला सकाळच पाहिजे असते कारण तापलेल्या दगडावर हात घामाने घसरतात, फोटोग्राफरला संध्याकाळ पाहिजे असते, हे भांडण कधी मिटणार नाही. यात शेवटी क्लाइंबरचं ऐकायचं. कपड्यांचं मात्र तुम्ही सांगा, काळा-करडा टी-शर्ट घातला तर माणूस दगडात गायब, लाल किंवा आकाशी घालायला सांगा, जानेवारीत गवत पिवळं झालेलं असतं तेव्हा पिवळाही मागच्या डोंगरात विरतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसलो ती. आग्या मोहोळ. सह्याद्रीच्या प्रत्येक मोठ्या कड्याला कुठे ना कुठे ही पोळी लटकलेली असतात आणि रोपवरचा माणूस पळू शकत नाही. रूटच्या आसपास पोळं दिसलं तर रूट बदला, फोटो विसरा. डिओ, सेंट, धूर, आरडाओरडा, सगळं बंद. आणि रात्रीचे फोटो काढायची हौस असेल, कातळावर खालून एलईडी मारून वर तारे वगैरे, तर हे ऐका, आग्या माश्या रात्री लाइटकडे येतात. एकदा आम्ही संध्याकाळी टेस्टिंगला एक एलईडी पॅनल कड्याकडे तोंड करून दहा मिनिटं चालू ठेवलं होतं, पोळं बरंच लांब, आम्हाला दिसलंही नव्हतं. आधी दोन-तीन माश्या काचेवर आपटल्या, कोणीतरी म्हणालं किडे असतील. मग पंधरा-वीस. लाइट बंद केला, अंधारात गप पडून राहिलो, हेडटॉर्च पण लावला नाही, सकाळपर्यंत. नशीब की वर कोणी लटकलेलं नव्हतं. तेव्हापासून दिवसा पूर्ण कडा दुर्बिणीने बघितल्याशिवाय मी रात्री एक बल्ब लावत नाही. हिवाळ्यात गिधाडं पण अशाच कड्यांवर अंडी घालतात, कड्यावर पांढरे ओघळ आणि वर घिरट्या दिसल्या तर तिथे फ्लॅश आणि ड्रोन दोन्ही नको. अभयारण्यात असाल, हरिश्चंद्रगड त्यात येतो, तर शूटिंगचं वनखात्याशी आधी बोलून घ्या.

एलईडीवरून आठवलं, त्याला वीज द्यायला लोक स्कूटरची बॅटरी आणतात. ती बॅटरी आणि रोप एका सॅकमध्ये कधीही नाही. आतलं अॅसिड किंवा त्याची वाफ नायलॉन खाते आणि बाहेरून काहीही दिसत नाही, रोप नवाकोरा दिसतो. माझा एक साठ मीटरचा रोप असाच गेला, सॅकच्या तळाला ओल दिसली, पाणी असेल म्हणून पुसली, घरी आल्यावर बॅटरी सांडलेली कळली. रोप कापून टाकला, तुकडे शेजाऱ्याने म्हशी बांधायला नेले. हॅलोजन तर आणूच नका, त्याची गरम काच नायलॉनच्या स्लिंगला टेकली की स्लिंग वितळते.

चढायच्या आधी क्लाइंबर आणि बिलेअरबरोबर पाच मिनिटं बसा. फ्लॅश कुठून येणार ते त्याला दाखवा, खालीच दोनदा मारून दाखवा म्हणजे वर दचकणार नाही. संध्याकाळच्या अंधारात तो डोळ्यांत गेला तर पुढचा होल्ड काही सेकंद दिसतच नाही, म्हणून लाइट त्याच्या नजरेच्या रेषेत नको आणि क्लिप करताना फ्लॅश नाही. वॉकीटॉकीवर तुम्ही बोलायचं नाही, बिलेअर आणि क्लाइंबर बोलणार. "थांब थांब, तसाच राहा, परत हात वर कर" हे कधीही नाही. तो तुमच्यासाठी पोझ देत थांबला, हात भरून आले आणि पडला तर फॉल त्याचा, चूक तुमची. तुमची मूव्ह चुकली तर चुकली, पुढची बघा.

उतरताना सगळ्यात शेवटी तुम्ही नाही, टीमचा सर्वात अनुभवी माणूस. पण सामान तुम्ही काढायचं, आणि मोजून. मी वर जाताना मोबाइलवर नोंद करतो, कॅराबिनर १४, स्लिंग ६, चॉक ४, कॉर्ड ५, फ्लॅश २, आणि खाली आल्यावर ताडपत्रीवर मांडून परत मोजतो. आधी लाइट काढा, मग त्याच्या कॉर्ड, मग तुमचा रोप, या क्रमाने, कारण रोपवर दमलेला माणूस कॉर्ड सोडायची आळस करतो आणि मग पुढच्या टीमला कातळावर लोंबणाऱ्या निळ्या दोऱ्या दिसतात. तुमच्या बजेटबद्दल विचारलंत, तर दोन फ्लॅश पुरे आहेत, तिसरा घेऊ नका, त्या पैशांत स्वतःचा नवीन स्टॅटिक आणि दोन प्रोटेक्टर घ्या. सेकंडहँड कॅमेरा चालतो, सेकंडहँड रोप नाही. जानेवारीच्या आधी एखाद्या रविवारी सराव करणार असाल तर कुठल्या दगडावर ते कळवा, आमचाही एखादा जण येईल बघायला.